गरम पाण्याच्या शॉवरला प्रेशर नाही, मोठा गीझर बसवला तर येईल का?

तुम्ही लिहिलंय की इंदूरला सुदामा नगरात जुनं दुमजली घर आहे, वरच्या बाथरूममध्ये गार पाण्याचा शॉवर बरा चालतो पण गरम केला की नुसती बारीक धार लागते, आणि प्लंबर म्हणतोय की १५ लिटरचा गीझर काढून २५ चा बसवा. नका बसवू. निदान आत्ता लगेच तरी नका, कारण अगदी हेच आम्ही राजेंद्र नगरच्या आमच्या घरात केलं होतं. "दीदी, बड़ा गीज़र डलवा लो, प्रेशर अपने आप आ जाएगा," असं आमच्याही प्लंबरने सांगितलं, आम्ही नवाकोरा २५ लिटरचा आणला, भिंतीत नवीन भोकं पाडली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई आंघोळीला गेल्या तर धार तशीच. जानेवारीतली इंदूरची सकाळ, आणि त्या ७४ वर्षांच्या बाई शॉवर सोडून परत बादलीवर आल्या, कारण त्या धारेखाली उभं राहिलं की एक खांदा गरम आणि बाकी सगळं अंग गार. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, म्हणून तुमचा प्रश्न दिसल्याबरोबर लिहायला बसले.

गीझर प्रेशर तयार करत नाही, ही एक गोष्ट पक्की धरा. त्याला खालून गार पाणी येतं आणि ते आत जेवढ्या जोराने शिरतं तेवढ्याच जोराने वरचं गरम पाणी बाहेर ढकललं जातं, मग पोटात १५ लिटर मावो की ५०. जोर येतो तो गच्चीवरच्या टाकीतून, म्हणजे टाकीतल्या पाण्याची पातळी तुमच्या शॉवरपेक्षा किती उंच आहे त्यावरून, आणि हिशोब असा की १० मीटर उंचीला साधारण १ बार (बार हे पाण्याच्या दाबाचं माप). आमच्याकडे टाकी आणि वरच्या मजल्यावरचा शॉवर यांच्यात जेमतेम २ मीटरचं अंतर, म्हणजे ०.२ बार, झालं. आता तुमच्याकडे गार पाणी बरं येतंय आणि गरम येत नाही, दोन्हीची टाकी एकच, उंची एकच, मग फरक कुठे असणार? वाटेत. गार पाण्याच्या वाटेत जे नाही ते गरम पाण्याच्या वाटेत काहीतरी आहे, आणि ते शोधून काढल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका.

सगळ्यात आधी १० लिटरची बादली आणि मोबाईलचं स्टॉपवॉच घ्या. शॉवरखाली बादली ठेवून नुसतं गार सोडा, वेळ लिहून ठेवा, मग नुसतं गरम. आमची गाराची बादली दीड मिनिटात भरली आणि गरमाची सव्वाचार मिनिटात. ही मोजणी कागदावर असली की प्लंबरशी बोलणं एकदम बदलतं, तो अंदाजाने काही सांगू शकत नाही.

मग फुकटातली कामं. गीझरच्या खालचा अँगल कॉक (पाणी बंद-चालू करायचा छोटा नळ) पूर्ण उघडा आहे का बघा, पुष्कळदा कोणीतरी कधीतरी अर्धा बंद केलेला असतो आणि तसाच राहतो. शॉवरचं डोकं काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, सकाळी टूथब्रशने घासलं की पांढरे कण सुटतात. हँड शॉवर असेल तर नळीच्या तोंडाशी छोटी जाळी असते, तीही धुवा. मात्र हे गाराला आणि गरमाला दोन्हीकडे सारखंच आडवं येतं, तेव्हा फक्त गरम कमी असेल तर खरी अडचण अजून पुढे आहे.

ती पकडायची एक युक्ती मला नंतर एका जुन्या मिस्त्रींनी दाखवली. मेन स्विच बंद करायचा, गीझर पूर्ण गार होऊ द्यायचा, मग त्याच्या खालच्या दोन्ही नळ्या, गार पाणी आत येणारी आणि गरम बाहेर जाणारी, काढून एकमेकींना एका लवचिक नळीने जोडून टाकायच्या. म्हणजे गीझरच वगळला, टाकीतलं गार पाणी सरळ गरम पाण्याच्या लाइनीत. आता शॉवर गरमाच्या बाजूने सोडा आणि परत बादली लावा. धार सुधारली तर दोष गीझरमध्ये किंवा त्याच्या तोंडाशी असलेल्या व्हॉल्व्हमध्ये. धार तशीच रडकी राहिली तर दोष बहुतेक भिंतीतल्या पाइपात, क्वचित मिक्सरच्या गरमाच्या बाजूला. आमच्याकडे तशीच राहिली. म्हणजे तो नवीन २५ लिटरचा गीझर बिचारा पहिल्या दिवसापासून निर्दोष होता.

मग भिंत फोडली. १९८० च्या सुमाराचं घर, आत सगळा अर्ध्या इंचाचा जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप. मिस्त्रींनी गीझरच्या जवळचा एल्बो, म्हणजे वळणाचा जोड, हॅक्सॉने कापून माझ्या हातात दिला आणि मी खिडकीशी जाऊन उजेडात बघितला. बाहेरून चांगला धडधाकट, आत मात्र तपकिरी गंजाचा पापुद्रा, त्याच्यावर पांढरा खडखडीत थर अंड्याच्या टरफलासारखा, आणि मधे जे भोक उरलं होतं त्यात मुलीची पेन्सिल घालून बघितली तर ती अर्ध्यात अडकली. एवढ्याशा भोकातून आम्ही शॉवरची अपेक्षा करत होतो. ०.२ बारला तिथून काय जोराने येणार! गाराच्या पाइपातही गंज होता पण हा पांढरा थर जवळजवळ नव्हता, कारण जड पाणी तापलं की त्यातला क्षार सुटून चिकटतो, गार असताना तो पाण्यातच विरघळून राहतो. आणि आपल्याकडे तुम्हाला माहितीच आहे, नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून ७० एक किलोमीटर येतं, ते एक दिवसाआड, तेवढ्याने भागत नाही म्हणून त्याच टाकीत बोरिंगचं पाणी मिसळतो, आणि मालव्याच्या काळ्या दगडातलं बोरिंगचं पाणी जड. उन्हाळ्यात आमच्याकडे बोरिंगच जास्त चालतं. तेव्हा जमलं तर बाथरूमला जाणाऱ्या टाकीत नर्मदेचंच पाणी भरा आणि बोरिंग संडास-अंगणासाठी वेगळ्या टाकीत ठेवा, नवे पाइप टिकतील.

नवा पाइप टाकताना दोन गोष्टींवर अडून बसा. एक म्हणजे जाडी. गरम पाण्याला सीपीव्हीसीच, म्हणजे गरम पाणी सोसणारा प्लास्टिकचा पाइपच लागतो (साधा यूपीव्हीसी प्लास्टिक पाइप गरमाला चालत नाही, स्वस्त पडतो म्हणून कोणी टाकत असेल तर टाकू देऊ नका), पण अर्ध्या इंचाच्या सीपीव्हीसीचं आतलं भोक साडेबारा मिलिमीटरच्या आसपासच असतं, पाऊण इंचीचं १८. म्हणजे पाण्याला जागा दुप्पट. टाकीतून खाली एक इंची, बाथरूमपर्यंत पाऊण इंची, आणि फक्त शेवटच्या फूटभरात अर्धा इंच, असं आम्ही केलं. सियागंज बाजारात पाइप आणायला मी स्वतः गेले होते, आमच्या लांबीला दोन मापांच्या किमतीत जो फरक पडला तो भिंत पुन्हा फोडायच्या मजुरीपुढे काहीच नाही.

दुसरी गोष्ट वाट. आमच्याकडे गरमाचा पाइप गीझरमधून निघून वर जायचा, दाराच्या चौकटीवरून फिरून परत खाली यायचा, उलटा यू. अशा वळणाच्या माथ्यावर हवा अडकते आणि टाकीचा जोर मुळात कमी असला की ती हवा बाहेर ढकलली जात नाही, पाणी तिच्या खालून चोरून चोरून जातं. शॉवर मधेच फुरफुर करत असेल तर बहुतेक हेच आहे. आम्ही पाइप खालूनच सरळ नेला. ते शक्य नसेल तर त्या माथ्यावरून एक हवेचा पाइप काढून टाकीतल्या पाण्याच्या पातळीच्या वर नेतात, पण पुढे पंप बसवायचा विचार असेल तर तो पाइप चालत नाही, पंपाच्या जोराने त्याच्या तोंडातून पाणी उडेल.

एवढं झाल्यावर आमची गरमाची बादली सव्वाचार मिनिटांवरून दीड मिनिटावर आली, म्हणजे गाराच्या बरोबरीला. गीझर तोच, टाकी तीच. सासूबाई पहिल्या दिवशी बाहेर येऊन म्हणाल्या, "आज अंग धुतल्यासारखं वाटलं बाई." मला तेवढं पुरे होतं.

पण तुम्हाला हॉटेलसारखा जोरदार शॉवर हवा असेल तर ०.२ बारात तो येणारच नाही, कितीही रुंद पाइप टाका. तिथे मग प्रेशर पंप. टाकी स्टँडवर दीड मीटर उचलली तर जेमतेम ०.१५ बार वाढतो, आणि १००० लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, जुन्या स्लॅबवर ते इंजिनियरला दाखवल्याशिवाय करू नका. आम्ही गेल्या वर्षी मुलगा आग्रहच धरून बसला म्हणून अर्ध्या हॉर्सपॉवरचा पंप बसवला. तो गच्चीवर टाकीच्या तळाशी, आणि मुख्य म्हणजे गार आणि गरम वेगळे व्हायच्या आधी, एकत्र लाइनीवर. हे फार महत्त्वाचं आहे, नुसत्या गाराच्या लाइनीवर पंप लावला तर मिक्सरमध्ये गार पाणी गरमाला मागे रेटतं आणि गरमाची धार होती त्याहून कमी होते. नगर निगमच्या (महापालिकेच्या) नळाला मात्र थेट मोटर किंवा पंप कधीच जोडायचा नाही, शेजाऱ्यांचं पाणी ओढलं जातं आणि गळक्या जोडातून घाण आत येते. पंप लावायच्या आधी गीझरवरचं लेबल वाचा, उंच बिल्डिंगसाठीचे गीझर ८ बार सहन करतात, जुने काही फार कमी करतात. आणि गीझरच्या तोंडाशी जो सेफ्टी व्हॉल्व्ह असतो, ज्यात परत-न-जाऊ-देणारा स्प्रिंगही असतो, तो "इसी से प्रेशर कम आता है" म्हणून काढून टाकायचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. तो स्प्रिंग थोडा जोर खातो हे खरं आहे, क्षाराने अडकला असेल तर नवीन बसवा, पण त्याच्याशिवाय गीझर चालवणं म्हणजे शिट्टी बंद केलेला कुकर.

आता मोठ्या गीझरची पाळी खरी इथे येते. थंडीत टाकीतलं पाणी १५ डिग्री आणि गीझरमधलं ६० धरलं तर १५ लिटरमधून आंघोळीजोगं ४० डिग्रीचं पाणी २७ लिटरच्या आत निघतं. पंपानंतर आमचा शॉवर मिनिटाला ८ लिटर देतो, म्हणजे तीन-सव्वातीन मिनिटांत खलास. २५ च्या गीझरमध्ये साडेपाच मिनिटांपर्यंत. जोर वाढला की गरम पाणी लवकर संपतं, म्हणून आधी जोराचं काम, मग गीझर किती लिटरचा ते ठरवा. ३ लिटरचा इन्स्टंट गीझर स्वयंपाकघरात ठीक, शॉवरला नाही, ३ किलोवॉटमध्ये थंडीतलं पाणी २५ डिग्रीने तापवायचं तर मिनिटाला पावणेदोन लिटरच होतं. गॅस गीझरला पेटायलाच ठराविक प्रेशर लागतं, टाकी शॉवरपेक्षा फारशी उंच नसली की तो बहुतेक पेटतच नाही, आणि बंद बाथरूममध्ये तर तो लावायचाच नाही, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही आणि माणूस आतल्या आत बेशुद्ध होतो. याबाबतीत मी कोणाचंही ऐकत नाही.

अजून एक, घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असेल तर. आमच्याकडे खाली स्वयंपाकघरात कोणी नळ सोडला की वर गार कमी व्हायचं आणि शॉवर एकदम चटका द्यायचा. नवीन पाइप टाकताना बाथरूमची लाइन टाकीतून वेगळीच काढली, स्वयंपाकघराची वेगळी, टाकीला एक भोक जास्त पाडावं लागलं एवढंच. शिवाय थर्मोस्टॅट ५५ वर आणला.

तुम्ही दोन्ही बादल्यांचे आकडे आणि टाकीपासून शॉवरपर्यंतची उंची फुटात लिहून पाठवा, आणि भिंतीतला पाइप लोखंडी आहे की प्लास्टिकचा ते गीझरच्या मागे डोकावून बघा, मग पुढचं सांगते.