ग्रीक 'नेरो' आणि आपलं 'नीर'

प्रश्न असा आहे: ग्रीसमध्ये पाण्याला 'नेरो' म्हणतात, आपल्याकडे 'नीर'. ग्रीक आणि संस्कृत एकाच कुळातल्या भाषा; मग हा शब्दही एकच ना?

नाही. ऐकून मोह होतो खरा, पण हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी आलेत.

प्राचीन ग्रीकमध्ये पाण्याला 'हिदोर' असा शब्द होता. ताज्या, नुकत्याच भरलेल्या पाण्याला लोक 'नेआरोन हिदोर' म्हणत. 'नेआरोन' म्हणजे ताजं. बोलताना त्याचं 'नेरोन' झालं, मग 'हिदोर' गळून गेलं आणि विशेषणच पाणी होऊन बसलं. दुसऱ्या शतकातला फ्रिनिखोस नावाचा व्याकरणकार बजावतो, की 'नेरोन हिदोर' अजिबात म्हणू नका. शुद्धलेखनवाल्यांची अशी तंबी म्हणजे अभ्यासकाला सोन्याहून मोलाचा पुरावा! लोक तसं बोलत होते म्हणूनच तर त्याने मना केलं.

आता एक बारकावा. जुन्या ग्रीकमधला दीर्घ 'ए' पुढे 'ई' झाला: 'मेतेर'ची (आपली माता) 'मितेरा' झाली. त्या हिशेबाने 'नेरो'चं 'निरो' व्हायला हवं होतं, आणि मग तर नीरशी साम्य अजूनच वाढलं असतं. पण 'र'च्या शेजारी बऱ्याच शब्दांत 'ए' टिकून राहिला. लोखंड 'सिदेरो', कोरडं ते 'क्सेरो', पाणी 'नेरो'. एकट्या शब्दाकडे बघून हे कळत नाही, रांगेने शब्द मांडावे लागतात.

ही रांगेने मांडायची शिस्त आधुनिक ग्रीकच्या अभ्यासात रुजवण्यात ज्यांचा मोठा वाटा आहे, त्या गेओर्गिओस हाजिदाकिस यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. जन्म 1848, क्रीट बेटावरचा. अथेन्सला शिकले, मग जर्मनीत जाऊन तिथलं नवं भाषाशास्त्र आत्मसात केलं, आणि परत येऊन अथेन्स विद्यापीठात भाषाशास्त्राचे प्राध्यापक झाले. आजच्या बोली थेट प्राचीन डोरिक, एओलिक बोलींपासून आल्या, असं तोवर बरेच जण मानत. हाजिदाकिसांनी दाखवलं की बहुतेक सगळ्या बोली निघाल्या त्या अलेक्झांडरनंतर सगळीकडे पसरलेल्या 'कोइने' या सामाईक ग्रीकमधून. 1892 साली लाइपझिगला निघालेलं त्यांचं जर्मन पुस्तक याचा पाया आहे. 1908 साली ग्रीकच्या ऐतिहासिक शब्दकोशाचं काम त्यांच्या पुढाकाराने सुरू झालं. पहिला खंड यायला 1933 उजाडलं. थेस्सालोनिकीच्या विद्यापीठाचे पहिले कुलगुरूही तेच. 1941 साली ते गेले.

मला त्यांच्यातली एक गोष्ट फार चटका लावते. हयातभर लोकांच्या तोंडची भाषा अभ्यासली, पण लेखनासाठी बाजू घेतली ती 'काथारेवुसा' या घडवलेल्या, प्राचीन वळणाच्या भाषेची. पॅरिसला असलेले ग्रीक भाषाशास्त्रज्ञ प्सिखारिस लोकभाषेसाठी झगडत होते, त्यांच्याशी हाजिदाकिसांचं कधीच जमलं नाही. लोकभाषा सरकारी झाली ती 1976 साली. लेखनाच्या प्रश्नावर मला प्सिखारिसांचं पटतं. शब्दाची व्युत्पत्ती शोधताना मात्र मी हाजिदाकिसांच्याच पद्धतीवर विसंबतो. या दोन भाषांच्या खुणा पाण्यातही दिसतात: नळाला येतं ते 'नेरो', पण पाणीपुरवठा 'इद्रेफ्सी', म्हणजे जुनं हिदोरच. आपल्याकडेही घागरीत पाणी आणि सरकारी पाटीवर जल.

मग खरे नातेवाईक कोण? 'नेआरोन'च्या मुळाशी 'नेओस' आहे, आणि त्याचा भाऊ आपला 'नव', म्हणून 'नवा'. 'हिदोर'चं नातं 'उदका'शी. आपण 'उदक सोडतो' ते उदक. 'नीर' संस्कृतात आहे, पण कन्नडमध्ये 'नीरु', तमिळमध्ये 'नीर' ही पाण्याचीच नावं आहेत, आणि हा शब्द द्राविडी भाषांतून संस्कृतात आला असं अनेक अभ्यासक मानतात. सोलापूरकडच्या वाचकांना याचं नवल वाटणार नाही.

बोली कोइनेतून निघाल्या, या हाजिदाकिसांच्या नियमाला एक ठळक अपवाद आहे: दक्षिण ग्रीसमधल्या पेलोपोनेस द्वीपकल्पाच्या पूर्व किनाऱ्यावरची त्साकोनियन बोली. ती जुन्या डोरिककडून आलेली. तिथे पाण्याला 'नेरो' नाही म्हणत, 'इओ' म्हणतात. ते 'हिदोर'च आहे, झिजून एवढंसं उरलेलं.