नर्सरीतून ‘मर्टल’ आणलंय, सुक्कोथला चालेल का?

प्रश्न थोडक्यात असा: घोडबंदर रोडच्या एका नर्सरीतून ‘मर्टल’ म्हणून कुंडी आणली. तिला गुलाबी, चुरगळलेल्या कागदासारखी फुलं येतात. शेजारच्या बेने इस्राएली काकूंना सुक्कोथसाठी, म्हणजे ज्यूंच्या मांडवांच्या सणासाठी, त्याच्या फांद्या द्यायच्या आहेत. चालतील का, आणि या झाडाचं ज्यू परंपरेत एवढं काय?

या सणात चार वनस्पतींची जुडी हातात धरतात, तिच्यात चालणार नाहीत. तुमच्याकडे आहे ते क्रेप मर्टल, म्हणजे सावनी. नात्याने ती आपल्या तामणीची आणि हातावर काढतात त्या मेंदीची बहीण. खरं मर्टल भूमध्य समुद्राकाठचं. त्याचं गोत्र जांभूळ, पेरू आणि लवंगेचं. ‘विलायती मेंदी’ म्हणून मागायला गेलात तर आणखी घोळ होतो, कारण कुंपणाच्या एक-दोन वेगळ्याच झुडपांना लोक हेच नाव देतात. नावावर जाऊ नका, पान बघा.

खऱ्या मर्टलचं पान २ ते ५ सें.मी. लांब, गुळगुळीत, टोकदार आणि चिवट असतं. ते उजेडासमोर धरलं की टाचणीने टोचल्यासारखे पारदर्शक ठिपके दिसतात. त्या तेलाच्या गाठी. चुरगळलं की निलगिरीच्या जवळचा, पण गोडसर वास येतो. फूल पांढरं, ५ पाकळ्यांचं, मधोमध पुंकेसरांचा झुबका. फळ निळसर काळं. नुसत्या ठिपक्यांवर मात्र फसू नका, आपल्याकडच्या कुंतीच्या (कामिनीच्या) पानातही ते असतात. फरक असा की कुंतीची पर्णिका एका दांड्यावर आलटून-पालटून लागते आणि तिला लिंबाच्या पाल्यासारखा वास येतो. मर्टलची पानं साधी, समोरासमोर.

आता खरी मेख. सणाला समोरासमोरची पानंही पुरत नाहीत. हिब्रूत या फांदीला ‘हदास’ म्हणतात आणि तिच्यावर एकाच पेरातून ३ पानं, एकाच पातळीवर फुटलेली असावी लागतात. निदान अर्ध्याहून जास्त लांबी तरी अशी हवी. एखादं पान खाली सरकलेलं असेल तर ते पेर मोजायचं नाही. अशा ३ फांद्या, वाळुंजाच्या २, खजुराचं न उघडलेलं १ पान (लुलाव) आणि १ एत्रोग, म्हणजे महाळुंगाच्या जातीचं फळ, मिळून संच होतो. फांदी २५ सें.मी.च्या खाली नको, ३० असली तर निर्धास्त. लुलावचा कणा आपल्याकडे करून धरलं की हदास उजवीकडे आणि वाळुंज डावीकडे येतं. पानांपेक्षा काळी फळं जास्त असतील तर फांदी बाद होते; फळं खुडायची ती सण लागायच्या आधी. फांद्या ओल्या फडक्यात गुंडाळून, पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. पाण्यात बुडवून ठेवल्या तर पानं काळी पडून गळतात, आणि फ्रीझरमध्ये ठेवल्या तर बाहेर काढताच लुळ्या होतात.

अर्थाचं म्हणाल तर मिद्राशमध्ये, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मग्रंथ-विवरणांत, लुलाव म्हणजे पाठीचा कणा, एत्रोग हृदय, वाळुंज ओठ आणि मर्टलचं पान डोळा. आकार बघितलात तर पटेल. दुसरं एक स्पष्टीकरण मला जास्त आवडतं: मर्टलला वास आहे पण चव नाही, म्हणजे सत्कर्म करणारी पण शास्त्र न शिकलेली माणसं, आणि जुडीत त्यांनाही जागा आहे. बायबलमधल्या एस्तेर राणीचं मूळ नाव हदस्सा, ते याच झाडावरून. ग्रीकांकडे ते प्रेमदेवता अफ्रोदितीचं. इंग्लंडच्या राजघराण्यातल्या नवऱ्या १८५८ पासून गुच्छात त्याची डहाळी ठेवत आल्या आहेत.

ठाण्यात लावायचं असेल तर मुख्य वैरी पाऊस. १२ इंची मातीची कुंडी, २ भाग लाल माती, २ भाग जाड रेती किंवा विटांचा चुरा, १ भाग कुजलेलं शेणखत. खाली ताटली नको. जूनपासून सप्टेंबरपर्यंत छज्जाखाली पण उजेडात ठेवा; मुळाशी पाणी साचलं की आधी शेंड्याची पानं मलूल होतात, आणि माती ओली असूनही झाड सुकलेलं दिसतं. त्या वेळी आणखी पाणी घातलंत तर संपलंच. कलम पाऊस ओसरल्यावर, अर्धवट पिकलेल्या ८–१० सें.मी. काडीचं करा; मुळं धरायला ६–८ आठवडे लागतात. काडी मात्र तीन-तीन पानांच्या झाडाचीच घ्या. बीपासून तीन पानांचं झाड येईल याचा भरवसा नाही.

यंदा काकूंसाठी एवढं करा: जुडीचं त्यांचं त्या बघतील. टेंभी नाक्याचं सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ) १८७९ चं आहे, तिथल्या मंडळींना हदास कुठून येतं ते ठाऊक असतं. तुमच्या सावनीच्या छाटलेल्या फांद्या मात्र त्यांच्या मांडवाच्या छपराला चालतील. तिथे झाडाची जात बघत नाहीत, फांदी कापलेली हवी आणि आत उन्हापेक्षा सावली जास्त हवी. तेवढी आदल्या दिवशीच कापा, कारण सावनीची पानं दोन उन्हांत वाळतात आणि छप्पर विरळ पडतं.