‘सिन्सिअर’चा मेणाशी संबंध आहे का?

विचारलं आहे ते असं: रोमन शिल्पकार संगमरवरातल्या भेगा मेणाने बुजवायचे, ज्या मूर्तीत मेण नाही ती ‘सिने केरा’, आणि त्यावरून इंग्रजी ‘सिन्सिअर’ आला, हे खरं का?

नाही. ही निव्वळ लोकव्युत्पत्ती आहे, म्हणजे उच्चारावरून लोकांनी जुळवलेली शब्दाच्या उगमाची गोष्ट. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशानेही ‘सिने केरा’ ही फोड असंभाव्य म्हणून बाजूला ठेवली आहे.

मूळ लॅटिन विशेषण ‘सिन्केरुस’. ‘सिने’ म्हणजे विना आणि ‘केरा’ म्हणजे मेण, इथवर बरोबर. उच्चारही जवळजवळ जुळतो, म्हणूनच लोक फसतात. अडतं ते शब्दाच्या घडणीत. ‘अमुक नसलेला’ असं विशेषण करायचं तर लॅटिन सहसा ‘इन्’ किंवा ‘से’ हे उपसर्ग लावते. ‘कूरा’ म्हणजे काळजी. ‘से’ लावून झाला ‘सेकूरुस’, म्हणजे निश्चिंत, आणि त्याचाच पुढे ‘सिक्युअर’. त्याच ‘कूरा’मागे ‘सिने’ आलं की दोन सुटे शब्दच राहतात. चर्चमधल्या बिनकामाच्या पगारी पदांसाठीचा हा ‘सिने कूरा’ १७व्या शतकात इंग्रजीत ‘सायनेक्युअर’ झाला, पण नाम म्हणून.

अर्थाचा पुरावा मला याहून भक्कम वाटतो. ‘सिन्केरुस’ म्हणजे स्वच्छ, धड, निर्भेळ, आणि तो वस्तूंनाही सर्रास लागतो. रोमन कवी होरेस सांगतो की भांडं ‘सिन्केरुम’ नसेल तर त्यात ओताल ते आंबेल. इंग्रजीतही १५३०च्या दशकात शब्द आला तो ‘निर्भेळ’ हा अर्थ घेऊनच. १६११च्या किंग जेम्स बायबलमध्ये, पेत्राच्या पहिल्या पत्रात, ‘सिन्सिअर मिल्क’ आहे. तिथे ‘प्रामाणिक’ हा अर्थ घातला तर वाक्यच लागत नाही. ते भेसळ नसलेलं दूध आहे.

मेणाचा उल्लेख जुना आहे, हे मात्र खरं. चौथ्या शतकातला व्याकरणकार दोनातुस ‘सिन्केरुस’ समजावताना मेण काढलेल्या मधाचा दाखला देतो. मधाचा, मूर्तीचा नव्हे! शिल्पकार या गोष्टीत फार नंतर घुसले.

आज जास्त मानली जाणारी फोड अशी: ‘एक’ या अर्थाचा ‘सेम्’ आणि लॅटिन ‘क्रेस्केरे’ (वाढणे) या क्रियापदातला धातू. एकाच वाढीचा, म्हणून अमिश्र. ‘सिंपल’मधला ‘सिम्’ हा तोच ‘सेम्’, आणि संस्कृत ‘सकृत्’ म्हणजे ‘एकदा’, त्यातला ‘स’ही त्याच कुळातला.