‘गमतीत ढकललं’ हा बचाव नव्हे

प्रश्न: सहलीत मी मित्राला जलतरण तलावात ढकललं. पाणी उथळ निघालं, त्याचं मनगट मोडलं. त्याची हाडं आधीच ठिसूळ होती, हे मला ठाऊक नव्हतं. आता भरपाईची नोटीस आली आहे. ‘गमतीत ढकललं, इजा करायचा हेतू नव्हता’ एवढं उत्तर पुरेल का?

उत्तर: ते उत्तर पाठवलं नसेल तर पाठवू नका. बचाव म्हणून लिहिलेल्या त्या वाक्याचा पहिला अर्धा भाग कबुलीचा आहे. हात चुकून लागला नाही, तुम्ही तो मुद्दाम लावलात, एवढं त्यातून सिद्ध होतं. अपकृत्याच्या, म्हणजे दुसऱ्याला केलेल्या इजेबद्दल भरपाई मागणाऱ्या दिवाणी दाव्यात हेतू म्हणजे दुष्टावा नव्हे. मनात वैर होतं की थट्टा, याच्याशी कोर्टाला फारसं देणंघेणं नसतं. कृती जाणूनबुजून केली का आणि तिचा परिणाम ठाऊक होता का, हे ते पाहतं.

अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात ‘गॅरट विरुद्ध डेली’ या खटल्यात पाच वर्षांच्या मुलानं खुर्ची हलवली, बसायला गेलेल्या बाई पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. मुलाला इजा करायची नव्हती, असं खालच्या कोर्टाला वाटलं. 1955 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, तेवढं पुरत नाही. बाई तिथंच बसणार हे त्याला पक्कं ठाऊक होतं का, ते तपासा. फेरतपासणीत उत्तर ‘होतं’ असं आलं आणि भरपाई बसली. पाच वर्षांच्या पोराला ही सूट मिळाली नाही, तिथं तुमची काय कथा!

ठिसूळ हाडांचा मुद्दाही सोडून द्या. विस्कॉन्सिनमधल्या 1891 च्या खटल्यात वर्गात मारलेल्या हलक्याशा लाथेनं, आधीच्या दुखापतीमुळे, एका मुलाचा पाय निकामी झाला. एवढं होईल असं वाटलं नव्हतं, म्हणून जबाबदारी टळत नाही, असं तिथं ठरलं. समोरचा माणूस जसा असेल तसा पत्करावा लागतो.

तुमची खरी बाजू वेगळीच असू शकते आणि तिच्याबद्दल पत्रात तुम्ही चकार शब्द लिहिलेला नाही. ढकलाढकली सगळ्यांचीच चालली होती का? मित्रानंही कुणाला ढकललं होतं का? इंग्लंडमध्ये 2004 मध्ये ‘ब्लेक विरुद्ध गॅलोवे’ खटल्यात मुलं एकमेकांवर काटक्या-साली फेकत होती आणि एकाच्या डोळ्याला लागलं. तो स्वतःच खेळात सामील होता, म्हणून दावा टिकला नाही. मात्र मित्र काठावर गप्पा मारत उभा असेल, तर हा आधार विसरा.

राहिला निष्काळजीपणाचा आरोप. खोली न पाहता ढकलणं शहाण्या माणसाला शोभलं असतं का, हा तिथला प्रश्न. ‘मला सुचलं नाही’ हे 1837 पासून इंग्लंडमध्ये चालत नाही. तरी हा आरोप तुम्हाला तुलनेनं परवडेल. जबाबदारीचा विमा (तुमच्यामुळे दुसऱ्याला झालेल्या नुकसानीची भरपाई देणारा) असेल तर मुद्दाम केलेली इजा त्यातून बहुधा वगळलेली असते, निष्काळजीपणा सहसा नसतो. गंमत म्हणजे विम्याचे पैसे हवे असतील तर मित्राच्या वकिलालाही हेच सोयीचं आहे. तेव्हा नोटिशीला उत्तर देण्याआधी विमा कंपनीला लेखी कळवा. आणि सहलीचे व्हिडिओ पुसू नका, त्यात तुमची चूक दिसत असली तरी.