पोरांना घेऊन बेंगळुरूचं तारांगण बघायला निघालाय, तर...

ताई, बेळगावातून रात्री राणी चन्नम्मा एक्स्प्रेसला बसलात की सकाळी बेंगळुरू. पण सोमवारी जाऊ नका, जवाहरलाल नेहरू तारांगण त्या दिवशी बंद असतं. खेळ कन्नड आणि इंग्रजीत असतात, मराठीत नाही. आपल्या पोरांना शाळेतलं कन्नड पुरतं, तरी ग्रह-ताऱ्यांचे शब्द आधी घरी सांगून ठेवा की. मागच्या रांगेत बसा, मान कमी दुखते. धाकट्याला अंधार होणार हे आधीच सांगा; माझी लेक पहिल्यांदा घाबरून रडली होती आणि निम्मा खेळ मला बाहेर काढावा लागला.

कस्तुरबा रोडवरचं विश्वेश्वरय्या संग्रहालय मात्र दुसऱ्या दिवशीच करा. तिथं राइट बंधूंच्या 1903च्या विमानाची पूर्ण आकाराची प्रतिकृती आहे. सगळे मजले पळत बघण्यापेक्षा पोरं जिथं रमतील तिथंच तासभर थांबा, मला तेच खरं बघणं वाटतं.

परत आल्यावर मे महिन्याच्या सुरुवातीला बेळगावात सूर्य भरदुपारी अगदी डोक्यावर येतो. तेव्हा अंगणात उभी काठी रोवा आणि तिची सावली नाहीशी होताना पोरांना दाखवा.