विचारा की ताई! उन्हातला गड अन् डब्यातली काकडी

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही जालन्याचे, ऑफिसातले पाच मित्र. एप्रिलमध्ये वेताळवाडीचा किल्ला करायचं ठरलं, ठरलं म्हणजे काय एकानं रील टाकली अन् सगळे हो म्हणाले. भोकरदन, सिल्लोड करत, रस्त्यात पोहे-चहा घेत किल्ल्याजवळच्या हळद्याला पोचायलाच अकरा वाजले. प्रत्येकाकडं एक लिटरची बाटली, चिप्सची पाकिटं, दोन कोल्ड्रिंक अन् घरून दिलेली काकडी-टोमॅटोची दह्यातली कोशिंबीर, बस. वर पोचेपर्यंत पाणी खलास. एका मित्राच्या पोटऱ्यात गोळे आले, मग चक्कर, उलटी, अंग घामानं निथळतंय पण हात लावला तर गार. कुणी म्हणे पाणी पाज, कुणी म्हणे कोल्ड्रिंक दे. कसंबसं खाली आणलं, सलाईन लावली, आता ठणठणीत आहे. खाली डबा उघडला तर कोशिंबीर आंबून गेलेली. बायको म्हणती उन्हाळ्यात गडाचं नावच काढायचं नाही. आमचं नेमकं काय चुकलं? अन् परत जायचं तर खायला काय न्यावं, सॅलड चालतं का?
— एक वाचक, जालना

उत्तर : भाऊ, आधी वहिनींना सांगा की तुम्ही अर्ध्या बरोबर आहात. उन्हाळ्यात गड करता येतो पण अकरा वाजता चढायला सुरुवात करून नाही करता येत. पाणी कमी होतं, चिप्स होत्या, हे सगळं खरं, पण मुळात चुकली ती वेळ. मराठवाड्यात एप्रिलचा पारा चाळिशीला टेकतो, त्यात अजिंठ्याच्या डोंगरात साग अन् बाकीची बरीचशी झाडं तोपर्यंत पानं गाळून मोकळी झालेली, म्हणजे फोटोत जंगल दिसतं पण सावली नाही. अन् काळा कातळ सकाळपासून तापत बसतो, दुपारी वरून ऊन आणि खालून तवा. तुमच्या जागी मी असते तर जालन्यातून पहाटे तीन-साडेतीनलाच गाडी काढली असती, उजाडायला पायथ्याला अन् नऊच्या आत उतरून खाली. ते जमत नसेल तर सरळ दिवाळीनंतर जा, गड कुठं पळून चाललाय.

पाण्याचं म्हणाल तर अशा चढाला माणशी तीन लिटर तरी पाहिजे अन् अर्धं संपलं की जिथं असाल तिथून माघारी फिरायचं, माथा दिसत असला तरी. गडावरच्या टाक्यांच्या भरवशावर उन्हाळ्यात राहू नका. एका बाटलीत ओआरएस कालवून न्या. पाकीट नसेल तर एक लिटर पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर अन् अर्धा सपाट चमचा मीठ, एवढंच, मीठ अंदाजानं नाही टाकायचं. मित्राच्या पोटऱ्यात गोळे आले ते घामावाटे पाण्याबरोबर मीठही गेलं म्हणून, तिथं नुसतं पाणी ढोसून भागत नाही. अन् कोल्ड्रिंकमध्ये साखर इतकी की उलटी होणाऱ्या माणसाला ते आणखी ढवळतं.

तुमच्या मित्राला झालं तो लक्षणांवरून उन्हाचा थकवा वाटतो. घाम येतोय, अंग गार, पण माणूस नीट बोलतोय, तर त्याला सावलीत आडवं करा, पाय जरा वर, बूट-पट्टा सैल, ओल्या रुमालानं मान, काखा, जांघा पुसत वारा घाला अन् ओआरएस घोट घोट द्या. पण माणूस असंबद्ध बोलायला लागला, कुठंय ते कळेना, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघात धरायचा, अंगाला घाम असो नसो. तेव्हा तोंडात काही ओतायचं नाही, पॅरासिटामॉल द्यायची नाही (त्या तापाला ती लागू पडत नाही), मिळेल त्या पाण्यानं अंग भिजवत राहायचं अन् १०८ ला फोन. डोंगरात रेंज कुठं येते ते चढायच्या आधीच बघून ठेवा.

आता सॅलड. चालतं की, पण डब्यात कालवून नेलं की झालं त्याचं वाटोळं. मीठ लागलं की काकडी पाणी सोडते, दही उन्हात आंबतं, अन् एवढ्या उन्हात चिरलेलं काही तासाभरापेक्षा जास्त ठेवूच नये. म्हणून सगळं अख्खं न्यायचं अन् तिथंच चिरायचं. आपल्याकडं घोळाणा करतात ना, कांद्याची पात नाहीतर कोवळी मेथी कच्चीच घ्यायची, वरून तिखट-मीठ, कूट अन् कच्चं तेल, त्याच चालीवर हे.

चौघा-पाचजणांना तीन-चार काकड्या, एक कैरी, दोन कांदे, दोन लिंबं. काकड्या ओल्या सुती फडक्यात गुंडाळून पिशवीत, वर ऊन लागू देऊ नका. घरून निघताना शेंगदाणे खरपूस भाजून जाडसर कुटून घ्या, अर्धी वाटी, पार पीठ नको, दाताखाली आले पाहिजेत. एका छोट्या डबीत मीठ, लाल तिखट अन् भाजलेल्या जिऱ्याची पूड एकत्र. एका बाटलीत दोन चमचे करडीचं तेल. घरात सोयाबीनचं असलं तर ते कच्चं घालू नका, मला तरी त्याचा वास नाही आवडत. कोथिंबीर-पुदिना धुऊन, पार कोरडा करून कागदात. सुरी विसरू नका, दरवेळी एकजण विसरतोच.

खाली आल्यावर सावली बघून बसा. काकडीचं देठाकडचं टोक कापून आधी चाखा, कडू लागली तर ती अख्खी फेकून द्या, मीठ चोळून कडूपणा जात नाही. बाकीच्यांच्या सालीसकट फोडी करा. कैरी बारीक चिरा, आंबट असेल तर अर्धीच. कांदा सुरीनं कापायचा नाही, बुक्कीनं फोडायचा अन् पाकळ्या मोकळ्या करायच्या. मग कूट, पुदिना, तेल. सगळ्यांच्या हातात भाकरी आली की शेवटी मीठ-तिखट अन् लिंबू, हातानंच वरखाली करा. सोबत ज्वारीची भाकरी अन् ठेचा. ताटात तळाला जे आंबट-खारं पाणी उरतं ते फेकू नका, त्यावरून भांडणं होतात आमच्यात.

काकडीत ९५ टक्के पाणी असतं म्हणून कुणी म्हणेल बाटली एक कमी नेऊ, तर तसलं काही करू नका.

प्रश्न : ताई, सॅलडसाठी मुगाला मोड आणते पण उन्हाळ्यात दरवेळी चिकट होऊन वास मारतो. कामून?
— एक वाचक, लातूर

उत्तर : लातूरच्या उन्हाळ्यात मुगाला दोन दिवस कशाला लागतात हो, सकाळी भिजवले अन् संध्याकाळी निथळून बांधले की उजाडायला मोड तयार. जास्त बांधून ठेवता म्हणून चिकटतात. मधे एकदा गार पाण्यातून काढा, फडकं मोकळं बांधा, मोड नखाएवढे झाले की फ्रीजमध्ये. चिकट झालेले धुऊन खाऊ नका, टाकून द्या. अन् घरात लहान लेकरं, म्हातारी माणसं किंवा गरोदर सून असेल तर कच्चे नकोच, चांगली वाफ काढून मगच घाला.

प्रश्न : गडावर जाताना सेंट मारायचा नाही म्हणतात, खरं का?
— एक वाचक, कन्नड

उत्तर : खरंय. कड्याला आग्यामोहोळ असतं, उग्र वास, धूर अन् आरडाओरडा यानं ते उठतं. बिडी-सिगारेट तर नकोच, अन् पोरांना दगड मारू देऊ नका. उठलंच तर हात हलवत उभं न राहता तोंड कपड्यानं झाकून लांब पळायचं, पाण्यात उडी नाही मारायची, माश्या वर घिरट्या घालत राहतात. डंख लगेच काढा, कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला ते महत्त्वाचं. श्वास लागला, ओठ-जीभ सुजली किंवा डंख खूप असले तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना.