पदवी आणि पहिली नोकरी: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: मी एका विद्यापीठात इतिहास शिकवतो आणि अभ्यासमंडळाचा सदस्य आहे. शेवटच्या सत्रात आम्ही बायोडेटा आणि मुलाखतीच्या तयारीसाठी कार्यशाळा घेतो, तरीही पहिली नोकरी मिळवताना आमच्या पदवीधरांची फार ओढाताण होते. मूळ विषयाचे तास कमी करून कौशल्यांचे स्वतंत्र पेपर सुरू करावेत, असा प्रस्ताव मंडळापुढे आला आहे. तो स्वीकारावा का?

उत्तर: माझ्या मते स्वीकारू नये. ‘संवादकौशल्य’ नावाचा पेपर सुरू केला, की विद्यार्थी त्याच्याही नोट्स काढतात, परीक्षा देतात आणि तो विसरून जातात. आपला विद्यार्थी परस्परविरोधी साधने ताडून पाहतो, कोणत्या पुराव्यावर किती विसंबायचे हे ठरवतो आणि अपुऱ्या माहितीवरून जपून निष्कर्ष काढतो. लेखापरीक्षणात, वार्तांकनात किंवा धोरणाच्या अभ्यासात रोज हेच करावे लागते. उणीव आहे ती वेगळ्याच ठिकाणी. हे काम परीक्षकाशिवाय अन्य कोणासाठी करण्याची संधी त्याला मिळत नाही आणि आपल्याला काय येते हे मुलाखतीत सांगण्याची सवयही लागत नाही.

म्हणून तास कमी करण्यापेक्षा स्वाध्यायांचे स्वरूप बदलावे. प्रत्येक सत्रातील एक दीर्घ निबंध वगळून त्याऐवजी एखाद्या संग्रहालयाला, ग्रंथालयाला किंवा स्वयंसेवी संस्थेला खरोखर उपयोगी पडेल असे दोन पानांचे टिपण लिहायला सांगावे, आणि त्या संस्थेच्या सूचनांनुसार ते निदान एकदा पुन्हा लिहून घ्यावे. विद्यापीठात गुण मिळाले की काम संपते. नोकरीत मात्र पहिला मसुदा परत येणे हाच नियम असतो, आणि नव्या पदवीधराला तो अपमान वाटतो, कारण अशा परतीची त्याला कधी सवयच झालेली नसते.

दुसरी गोष्ट प्रत्यक्ष कामाची. सिनसिनाटी विद्यापीठात हर्मन श्नायडर यांनी १९०६ मध्ये अभियांत्रिकीचे २७ विद्यार्थी घेऊन वर्ग आणि कारखाना आलटून पालटून चालवण्याची पद्धत सुरू केली. कॅनडातील वॉटर्लू विद्यापीठ १९५७ मध्ये याच पायावर उभे राहिले आणि आज तेथे चार-चार महिन्यांची शिक्षणसत्रे व कामाची सत्रे एकाआड एक येतात. जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्गच्या दुहेरी विद्यापीठात तर विद्यार्थ्याचा कंपनीशी आधी करार होतो आणि संपूर्ण अभ्यासकाळात त्याला वेतन मिळते. या पद्धतींत काम हा अभ्यासक्रमाचा भाग असतो आणि विद्यार्थी अनुभव घेऊन पुन्हा वर्गात येतो, त्यामुळे तेथे पडलेले प्रश्न शिक्षकांपुढे मांडता येतात. शेवटच्या सत्रातील इंटर्नशिपनंतर परत यायला वर्गच उरलेला नसतो. तेव्हा ती निदान मधल्या वर्षात आणावी. मात्र विनावेतन इंटर्नशिप सक्तीची करणे मला अन्यायाचे वाटते, कारण ज्यांना स्वतःचा खर्च स्वतः भागवावा लागतो त्यांचीच त्यात कोंडी होते.

ओळखींचाही विचार व्हायला हवा. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की नोकरीची माहिती जिवलग मित्रांपेक्षा दूरच्या परिचितांकडून अधिक मिळते. ज्या विद्यार्थ्याच्या घरात यापूर्वी कोणीच पदवीधर नाही, त्याच्याजवळ असे परिचित थोडे असतात. ही उणीव विभागाने माजी विद्यार्थ्यांच्या मदतीने, पहिल्या वर्षापासून भरून काढायला हवी.

प्रश्न: पदवीनंतर लगेच मिळेल ती नोकरी मी धरली. कामाचा माझ्या विषयाशी संबंध नाही. विद्यापीठाच्या यादीत माझी नोंद ‘नोकरी लागली’ अशी झाली आहे. त्यांची जबाबदारी तेथेच संपते का?

उत्तर: संपू नये. पदवीनंतर लगेच मोजलेले यश फसवे असते. ब्रिटनमध्ये पूर्वी पदवीधरांची पाहणी सहा महिन्यांनी होत असे. आता ती सुमारे पंधरा महिन्यांनी होते आणि त्यात हाती असलेले काम अर्थपूर्ण वाटते का, शिकलेले वापरता येते का, हेही विचारले जाते. कॅनडातील पदवीधरांविषयी २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातून असे दिसले, की मंदीत पदवी घेणाऱ्यांच्या मिळकतीतील घट भरून यायला सुमारे दहा वर्षे लागली आणि अनेकांनी ती अधिक चांगल्या कंपन्यांत नोकरी बदलून भरून काढली. म्हणजे दुसऱ्या नोकरीसाठीचे मार्गदर्शन पहिल्या नोकरीइतकेच मोलाचे आहे, आणि विद्यापीठांनी ते पदवीनंतरची काही वर्षे तरी खुले ठेवलेच पाहिजे.

आपण आपल्या विभागाशी आणि करिअर मार्गदर्शन केंद्राशी संपर्क साधून माजी विद्यार्थ्यांसाठी काय सोय आहे ते विचारावे. दरम्यान, सध्याच्या कामात कोणती अडचण आपण कशी सोडवली याची दर आठवड्याला नोंद ठेवावी, आणि आपल्या विषयाच्या जवळ जाणारे एखादे काम वरिष्ठांकडे स्वतःहून मागावे. पुढच्या मुलाखतीत पदवीच्या नावापेक्षा या नोंदीच अधिक उपयोगी पडतील.